एका ओळीत आठच

पुरानं नाही पुसला माझा खेळ.
पूर शुक्रवार पेठेत कमरेएवढा थांबला,
जाताना गाळ ठेवून गेला
मिक्सरमध्ये, गादीत, लग्नाच्या अल्बममध्ये.
कार्ट्रिज तरली.
तिला उन्हानं खाल्लं.

चिपच्या पाठीवर काचेची खिडकी असते, नखाएवढी.
तिच्यावरचा दस्तगीरच्या दुकानाचा स्टिकर पाण्यात सुटला
आणि ह्यांनी, बिचाऱ्यांनी, मायेनं
सगळं गच्चीवर वाळत घातलं,
विम्याच्या कागदांशेजारी, उताणं.
महिनाभर.
ऊन आत शिरलं, प्रत्येक शून्याचा एक करत गेलं.
आता वाचायला घेतलं तर
एफ एफ, एफ एफ, एफ एफ,
दुसरं काही नाही.

वही होती. पॉलिटेक्निकची, दोनशे पानी,
बॉलपेननं लिहिलेली म्हणून वाचलेली.
सत्त्याण्णव साल. सयादादा पहाटे तालमीत जायचा,
मी त्याचा डबा घेऊन दारापर्यंत.
मातीत ताक किती, तेल किती, हळद कधी,
सगळं मला तोंडपाठ.
पायांना ठाऊक नाही.
मग मी आखाडा टीव्हीत उतरवला.
दोन किलोबाइट मेमरी.
(दूध संघात माझ्या सहीचा शिक्का आहे, त्याचा फोटोही याहून जड.)
तेवढ्यात दोन पैलवान, लाल माती,
आणि खरखरीच्या आवाजातून काढलेली हलगी.
दस्तगीर म्हणाला होता,
"शैला, ही हलगी न्हाई, ह्यो पत्र्यावरचा पाऊस हाय."
तरी चिप त्यानंच भरून दिली, फुकट.

आता साडेदहाला भांडी आवरली की बसते.
जुन्या बाजारातला पिवळा पडलेला डबा,
एक बटण चिकटतं, दुसरं दोनदा लागतं.
बोटं विसरलेली नाहीत. चष्मा मात्र लागतो.
ए मध्ये घाल, एक्स वाढव, शून्य नसेल तर मागे जा.
दिवसभर मी फॅटचे आकडे जुळवते,
कुणाच्या तरी दुधात पाणी निघतंच.
इथं चूक फक्त माझी असते,
आणि सापडली की माझ्यावर रागावत नाही.

पान सदतीस ते एकेचाळीस चिकटलेली.
वाफ दिली, सुरी घातली, फाटली.
त्यातच ढाक होती.
पैलवान हात धरायचा आणि तसाच उभा राहायचा,
बँकेतल्या माणसासारखा.

दादाला फोन केला. गुडघ्याला पट्टा बांधून आला,
बावन्न वर्षांचा, सोफा सरकवला,
"धर माझा हात. असा न्हवं. कोपराच्या वर.
डावा पाय आत. अजून आत, अगं शैले, लाजतीस काय!"
मी मनात फ्रेम मोजत होते, सेकंदाला पन्नास,
अकराव्या फ्रेमला माझी टाच जमिनीवरून सुटली
आणि बाराव्याला त्यानं मला अलगद धरलं.
दोघंही हसलो नाही लगेच.
चहा झाल्यावर हसलो.

ढाक बसली. पण एक जुनं दुखणं उरलं.
हे यंत्र एका ओळीत आठच तुकडे दाखवतं.
दोन पैलवान भिडले की चार आणि चार,
नववं जे असेल ते गायब.
वहीच्या समासात माझंच अक्षर:
'दारातली मुलगी दिसत नाही. नंतर बघू.'
क्रम मीच लावला होता.
तिला मी शेवटी ठेवलं होतं.

उपाय सोपा होता, चार ओळींचा:
दर फ्रेमला क्रम फिरवायचा.
आता सगळेच थोडे थोडे लुकलुकतात,
दंड, लंगोट, दाराची मुलगी.

काल दादाला दाखवलं. खेळला, हरला,
रिमोटवर राग काढला.
मग पडद्याजवळ जाऊन म्हणाला,
"ही कोण उभी हाय?
हिला कुठलं बटण?"

अजून लिहिलं नाही, म्हटलं.
"मग लिही की," म्हणाला,
आणि गुडघ्याचा पट्टा सैल करून
तिथंच बसून राहिला.